फ्रान्सची पदवी नेमकी कोणाच्या सहीची?

बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरलाच माझ्याकडे फ्रान्सचे दोन प्रवेश आले होते. एक आग्नेय फ्रान्समधल्या सरकारी विद्यापीठाचा, दुसरा पॅरिसच्या एका खासगी संस्थेचा. पुण्यातल्या एजंटाचा सगळा जोर पॅरिसवर. "मॅडम, शेवटी दोन्ही बाक प्लस पाचच," हे त्याचं पालुपद. फी मात्र तिकडे वर्षाला दहा हजार युरोंच्या वर. बाबांचं मत सरळ होतं: सीओईपी आणि कोपऱ्यावरचं खासगी कॉलेज यांत जो फरक, तोच तिथेही असणार. पण फ्रान्समध्ये खासगीतही नावाजलेल्या संस्था आहेत, त्यामुळे आपला आडाखा तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून मग मीच वाचायला बसले.

बाक म्हणजे बाकालोरेआ. नेपोलियनच्या काळात, १८०८ साली, सुरू झालेली ही परीक्षा म्हणजे ढोबळमानाने आपली बारावी. पुढचं सगळं शिक्षण तिच्यापासून मोजतात. बाक+३ म्हणजे लिसांस, १८० क्रेडिट. बाक+५ म्हणजे मास्टर, आणखी १२०. बाक+८ म्हणजे दोक्तोरा, आपली पीएच.डी. युरोपभर पदव्यांचे टप्पे एकसारखे करण्याच्या बोलोन्या प्रक्रियेतून २००२ नंतर ही रचना फ्रान्समध्ये रुजली. आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला अमेरिकेतली बरीच विद्यापीठं 'सोळा वर्षं भरत नाहीत' म्हणून अडवतात. इथे ती लिसांसच्या शेजारी निवांत बसते. अर्थात प्रवेश द्यायचा की नाही हे विद्यापीठाची समितीच ठरवते.

आता गोम अशी की बाक+५ हे नुसतं वर्षांचं माप आहे. ती पाच वर्षं कोणी मान्य केली, हे त्यावरून अजिबात कळत नाही. एजंट खोटं बोलत नव्हता, पण मला हवं ते त्या वाक्यात नव्हतं.

फ्रान्समध्ये पदव्या देण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवलेला आहे. १८८० च्या कायद्याने खासगी संस्थांना स्वतःला विद्यापीठ म्हणवायला आणि आपल्या प्रमाणपत्राला लिसांस किंवा दोक्तोरा म्हणायलाच बंदी केली. आजही 'मास्टर' ही राष्ट्रीय पदवी आहे. पॅरिसच्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकात मात्र स्पेलिंगच्या शेवटी एक जादा 'ई' होता. उच्चार तोच, पण त्या शब्दाला कायद्याचं संरक्षण नाही, तो कुणीही वापरू शकतं. (यातही 'मास्तेर स्पेस्यालिझे' हा ग्रांद एकोल, म्हणजे स्पर्धेतून प्रवेश देणाऱ्या नामवंत संस्था, त्यांच्या परिषदेचा चांगला नोंदणीकृत शिक्का आहे. तो अभ्यासक्रम बहुधा बाक+५ झालेल्यांसाठी असतो. त्याला या माळेत ओवू नये.)

मग खासगी संस्था देतात तरी काय? इथे पायऱ्या आहेत. काही संस्थांच्या दिप्लोमला सरकार 'ग्राद द मास्टर' म्हणजे मास्टरचा दर्जा देतं. व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी एक वेगळा आयोग तपासणी करतो आणि नाव सरकारी आदेशात छापून येतं. त्याखाली 'व्हिझे' दिप्लोम, म्हणजे सरकारने तपासून मान्यता दिलेला. त्याहून वेगळी वाट आरएनसीपीची, म्हणजे व्यावसायिक प्रमाणपत्रांच्या राष्ट्रीय नोंदवहीची. तिच्यात बाक+५ च्या तोडीचं प्रमाणपत्र सातव्या स्तरावर असतं. नोकरीच्या बाजारात त्याला किंमत आहे, पण त्याने मास्टरचा दर्जा मिळत नाही. शिवाय नोंदणीला मुदत असते, ती संपण्याआधी संस्थेला नव्याने अर्ज करावा लागतो. आणि शेवटी संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र, ज्यामागे संस्थेच्या नावाखेरीज काहीच नाही.

आरएनसीपीची नोंदवही ती सांभाळणाऱ्या फ्रांस कोंपेतांस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येते. मी पॅरिसचा अभ्यासक्रम शोधला. नोंद होती, सातव्या स्तराचीच, पण दुसऱ्याच एका संस्थेच्या नावावर, आणि माझं शिक्षण संपायच्या आत तिची मुदत सरत होती. मला पुढे पीएच.डी. करायची होती, आणि दोक्तोराच्या प्रवेशाला मास्टर किंवा मास्टरचा दर्जा लागतो. निर्णय तिथेच झाला. एजंटाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एवढं कुणी बघत नाही हो."

पुण्याच्या काँपुस फ्रांसची, म्हणजे फ्रान्समधल्या शिक्षणासाठीच्या तिथल्या सरकारी कार्यालयाची, मुलाखत, व्हिसा, बँकेचे कागद यांवर भरपूर लिहिलेलं सापडतं, मी भर घालत नाही. फीबद्दल मात्र सांगते. २०१९ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी मास्टरसाठी वर्षाला ३,७७० युरो असा वेगळा दर लागला. पण अनेक विद्यापीठं त्यातून सूट देतात. माझ्या विद्यापीठाने दिली, म्हणून २०२२ मध्ये मी फ्रेंच मुलांइतकेच २४३ युरो भरले. कुठे सूट आहे आणि कुठे नाही, हे अर्जाआधी विचारावं.

तिकडे गेल्यावर माझी रूममेट इंजिनिअरिंगची निघाली. दोन वर्षं 'प्रेपा', म्हणजे स्पर्धा परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग, मग तीन वर्षं एकोल, म्हणजे इंजिनिअरिंगची संस्था. तिच्या कागदावर मास्टर हा शब्द पदवीचं नाव म्हणून नव्हताच, 'इंजिनिअरचा दिप्लोम' होता, पण त्याला मास्टरचा दर्जा. हा दिप्लोम कोणती संस्था देऊ शकते हे १९३४ पासून एक आयोग तपासतो. आपल्याकडचे लोक तिला बी.ई. समजायचे. खरं तर ती एम.ई.च्या बरोबरीची.

गुणांचं प्रकरण मला जास्त जड गेलं. सगळं वीसपैकी. दहाला पास, बाराला 'आसे बियां' (बऱ्यापैकी), चौदाला 'बियां' (चांगलं), सोळाला 'त्रे बियां' (खूप चांगलं). पहिल्या सेमिस्टरला मला १३.४ पडले आणि प्राध्यापकांनी अभिनंदन केलं. आईला फोनवर सांगितलं तर तिने लगेच गुणाकार केला, "सदुसष्ट टक्के? तुला काय झालं?" तिथे सोळाच्या पुढे जाणारे वर्गात एक-दोन असतात, हे तिला कितीही सांगितलं तरी पटलं नाही. पुढे भारतातले ऑनलाइन अर्ज भरतानाही तोच घोळ: रकाना टक्केवारीचाच. तेव्हा वर्गातला क्रमांक दाखवणारा कागद आणि पदवीची पुरवणी, 'स्युप्लेमां ओ दिप्लोम', या दोन गोष्टी विद्यापीठातून आवर्जून मागून घ्याव्यात. पुरवणीत फ्रान्सची शिक्षणव्यवस्था समजावून दिलेली असते. आणखी एक: एखाद्या विषयात आठ पडले तरी सरासरीत तो भरून निघू शकतो. मार्कशीटवर ते आठ दिसतात, पण तो एटीकेटी नव्हे.

निकालानंतर आधी 'आतेस्तास्यों द रेयुसीत' मिळतं, म्हणजे आपलं प्रोव्हिजनल. मूळ पदवी काही महिन्यांनी. ती जपून ठेवा, कारण मूळ प्रत एकदाच देतात. तिची भाषा कोर्टाच्या निकालपत्रासारखी आहे: अमुक कायदा पाहता, तमुक आदेश पाहता, परीक्षक मंडळाचं इतिवृत्त पाहता... असं करत मध्ये तुमचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव येतं. माझ्या पदवीवर 'कराड' छापलेलं आहे. खाली सह्या: विद्यापीठाच्या अध्यक्षांची, माझी स्वतःची, आणि रेक्तरची. रेक्तर हा शिक्षणखात्यातला सरकारचा प्रतिनिधी. 'कोण मान्य करतं' या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या सहीत आहे.

नावाचा गोंधळ आपल्या लोकांना हमखास होतो. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, ते फ्रेंच कागदांवर माझंच दुसरं नाव झालं. पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नावही. प्रवेश कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, ही दुसरी विद्यार्थिनी कोण? नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

परतल्यावर समकक्षतेचं काम तुलनेने सोपं गेलं. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों भारतात आले होते, तेव्हा दोन्ही देशांनी एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडे अर्ज केला, सोबत भाषांतरं. पाठोपाठ एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम काढले, तेव्हा आता परतणाऱ्यांनी आधी ते वाचावेत. मामेभाऊ सध्या नीसच्या एका संस्थेचं माहितीपत्रक घेऊन माझ्या मागे लागलाय. त्याला आरएनसीपीचा नोंदणी क्रमांक मागायला सांगितलाय. संस्थेचं उत्तर अजून आलेलं नाही.