वंशावळ निजामाच्या दप्तरात अडते तेव्हा

कुलमंडळाचं, म्हणजे एका कुळातल्या लोकांच्या मंडळाचं, सभासदत्व घ्यायचं असो की कुलवृत्तांतात घराणं नोंदवायचं असो, वंशावळ लागतेच. मराठवाड्यात आजोबा-पणजोबांपर्यंत काम सरळ होतं. त्याआधीचं दप्तर निजामाचं. उर्दू लिपी, फसली सन (निजामाच्या महसुली कारभाराचं वर्ष) आणि आडनाव बहुतेकदा गायब.

सुरुवात स्वतःपासून करा. ‘आमचा मूळपुरुष अमुक सरदार’ असं धरून खाली उतरणाऱ्यांची साखळी मधेच तुटते, आणि कुठं तुटली तेही कळत नाही. बाप-लेकाच्या प्रत्येक जोडीला वेगळा कागद हवा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, मग गाव नमुना ६ मधला वारसाचा फेरफार, मग १९५४ चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचा जुना कागद), असं मागं मागं जा. यात वारस फेरफार सगळ्यांत दणकट, कारण मयताची बायको, मुलं, मुली एकाच नोंदीत सापडतात. ‘पि.’ म्हणजे पिता, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. बाईच्या नावापुढं ‘भ्र.’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. त्याला बाप समजून तक्ता भरणारे कमी नाहीत.

आजचा गट नंबर जुन्या कागदावर मिळणार नाही. जमिनींच्या एकत्रीकरणाआधी सर्व्हे नंबर होते, त्यामुळं आधी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घाला. जिल्हाही बघा. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. त्यामुळं लातूरकडचा कागद धाराशिवच्या अभिलेख कक्षात असू शकतो, आणि आता जालन्यात असलेल्या परतूरचा परभणीत.

उर्दू नोंदीत ‘वलद’ म्हणजे ‘चा मुलगा’. घाईच्या शिकस्ता लेखनात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळतात, आणि नुक्ते गेले की ‘नाना’ आणि ‘बाबा’ हुबेहूब एकच दिसतात. म्हणून वाचणाऱ्याला ‘इथं बाबाच आहे ना?’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. नुसता कागद पुढं ठेवा आणि काय वाचतो ते लिहून घ्या.

हैदराबादचा फसली सन आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचा. इसवी सन काढायला डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीत ५९० मिळवा, जानेवारीपासूनच्या नोंदीत ५९१. मेहर महिना, फसली १३४७ म्हणजे साधारण ऑगस्ट १९३८. कागदावर हिजरी सन असेल तर ही बेरीज चालत नाही; ते वर्ष चांद्र, दहा-अकरा दिवसांनी लहान.

सगळ्यांत फसवी गोष्ट नावांची. नातवाला आजोबाचं नाव, त्यामुळं राणोजी वलद गणपत, गणपत वलद राणोजी अशी पाळी चालते आणि दोन पिढ्या अलगद गळतात. पिढीला पंचवीसेक वर्षं धरून वयांचा मेळ घाला. बाप चाळीस वर्षांनी मोठा निघाला तर चालेल, ऐंशीनं निघाला तर मधलं कुणीतरी सुटलंय.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत जुनी नावं सापडतात. तिथं गावावरून आणि आडनावावरून शोध लागतो. जाताना मूळ गाव पक्कं माहीत हवं, स्थलांतरानंतरचं नव्हे. जुनी पानं मोडी लिपीत असतात, म्हणून फोटो काढायची परवानगी मागा.

हैदराबाद गॅझेटियरमध्ये मात्र पणजोबा शोधू नका. त्यात जातवार लोकसंख्येचे आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत.

दत्तक निघाला तर जन्मदाता आणि दत्तक पिता दोन्ही रेषा दाखवा, दत्तकपत्राची नक्कल जोडा, आणि मंडळ कोणती रेषा धरतं ते अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.