एक्स्पान्शन लिंकच्या चिरा: अखेर धागा लागला

मंडळी, चोर सापडला. म्हणजे दोन होते, त्यातला मोठा तरी नक्की.

मागच्या नोंदीपर्यंतचे हाल तुम्हाला ठाऊक आहेत. पाच इंची गेजच्या मॉडेल टँक इंजिनाच्या वॉलशार्ट गिअरसाठी (वाफेचे व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा) ओएचएनएसच्या, म्हणजे तेलात विझवून कडक होणाऱ्या टूल स्टीलच्या, लिंका. लिंक म्हणजे इंजिन पुढे जाणार की मागे हे ठरवणारी, वक्र स्लॉट असलेली पट्टी. मिलिंग छान, हार्डनिंगहून सरळ येतात, आणि वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून ग्राइंड होऊन आल्या की डाय पेनिट्रंटमध्ये (चिरेत शिरून ती उघडी पाडणारा लाल रंग) बारीक लाल रेघाच रेघा. तुमच्यापैकी अर्ध्यांनी तेलावर बोट ठेवलं, उरलेल्यांनी स्लॉटच्या कोपऱ्यांवर. एकाने तर बारच खराब म्हणून सांगून टाकलं.

तिन्ही तपासून झालं. तेलात पाणी शिरलं असेल तर थेंब गरम पत्र्यावर टाकला की तडतडतो. माझ्या तेलाचा थेंब मुकाट्याने पसरला आणि धुरावला. तेल ५० ते ६० अंशांवर आणूनच बुडवतो, लिंक उभी धरून. कोपऱ्यांचं म्हणाल तर स्लॉटची टोकं एंड मिलमुळे मुळातच गोल आहेत, आणि कडा हार्डनिंगआधी कानशीने मारलेल्या आहेत. राहिला बार. आपल्या बाजारात ओएचएनएस मागून काय हातात पडेल याचा नेम नाही. जात ओळखायला रंग लावलेलं टोक दुकानदार स्वतःकडे ठेवतो आणि आपल्याला मधला अनामिक तुकडा देतो. म्हणून या वेळी थोडे जास्त पैसे मोजून टेस्ट सर्टिफिकेटवाला घेतला, वरची काळी साल दोन्ही बाजूंनी मिलिंग करून काढली आणि त्याच बारची एक चिपटी लिंकेबरोबरच ८०० अंशांवर भट्टीत ठेवून, बुडवून, टेंपर न करता (म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं न तापवता) व्हाइसमध्ये मोडली. (चिंधी गुंडाळा आणि गॉगल घाला. टेंपर न केलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.) मोडलेली बाजू राखाडी आणि मऊसूत. भट्टी जास्त तापली असती तर तिथे साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले असते. तेव्हा स्टीलही बरं आणि माझी छोटी मफल भट्टीही प्रामाणिक.

मग एकच रस्ता उरला: प्रत्येक पायरीनंतर डाय. हार्डनिंगनंतर, टेंपरिंगनंतर, ग्राइंडिंगनंतर. कंटाळवाणं काम आहे आणि तो तीन डब्यांचा संच काही स्वस्त नाही. डेव्हलपरच्या डब्याचं नॉझल तर दर वेळी ऐन मोक्याला तुंबतं. एक सांगतो, क्लीनर थेट जॉबवर फवारू नका, चिरेतला डायही धुऊन निघतो. कापडावर घ्या आणि पुसा. तर निकाल असा: हार्डनिंगनंतर एक सोडून सगळ्या स्वच्छ (त्या एकीचं पुढे सांगतो), टेंपरिंगनंतरही तेच, आणि ग्राइंडिंगहून आल्यावर सगळ्यांच्या अंगावर रेघा. उथळ, एकमेकींना समांतर आणि ग्राइंडिंगच्या दिशेला काटकोनात.

तरी मनात शंका होतीच. लिंक बारच्या लांबीत कापलेली आणि ग्राइंडिंगही लांबीतच. मग चिरा आडव्या येतात त्या व्हीलमुळे की बारमुळे? म्हणून भंगारातली एक लिंक घेऊन गेलो आणि मॅग्नेटिक चकवर मुद्दाम आडवी लावायला सांगितली. ऑपरेटरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तुम्हीही झेलली असेल. घरी येऊन डाय मारला, तर चिरा लिंकेच्या लांबीत! लिंक फिरवली आणि चिरा व्हीलच्याच हिशेबात राहिल्या. त्या क्षणी सेव-उसळ खायला बाहेर पडलो, डबे उघडे टाकून.

पुराव्याला पुरावा म्हणून नायटलने एचिंगही केलं. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये नायट्रिक ॲसिड, पाच टक्क्यांच्या आत. ॲसिड स्पिरिटमध्ये घालायचं, उलट नाही. लागेल तेवढंच करायचं आणि बूच लावून साठवून ठेवायचं नाही. ग्राइंड झालेल्या लिंकेची सपाट बाजू घासून, ग्रीस काढून कापसाने लावलं, आणि राखाडी अंगावर काळे पट्टे उमटले, मधेमधे पांढुरके ठिपके. काळं म्हणजे व्हीलच्या उष्णतेने जादा टेंपर होऊन मऊ पडलेलं. पांढरं त्याहून वाईट: तिथला पातळ थर पुन्हा लाल तापमानाला पोचला, खालच्या थंड लोखंडाने तो झटक्यात विझवला आणि टेंपर न झालेला ताजा मार्टेन्साइट (स्टीलचं कडक पण ठिसूळ रूप) तयार झाला. जादा टेंपर झालेला थर आकसू पाहतो, खालचं अंग त्याला आकसू देत नाही, वरची कातडी ताणली जाते आणि फाटते.

कारण मशिनपाशी उभं राहिल्यावर दिसलंच. व्हील इतकं चकचकीत की त्यात तोंड दिसावं, ड्रेसिंग (व्हील खरवडून ताजं करणं) कधी झालं कोण जाणे. कूलंटचा नळ बंद. एका पासला पाच शतांश मिलिमीटर. विचारलं तर उत्तर, ‘साहेब, एवुं तो थाय’, असं तर होतंच. बरं, त्यांचं तरी काय चुकलं? दिवसभर माइल्ड स्टीलच्या प्लेटा काढतात, त्यांना तेच व्हील परवडतं. कठीण लोखंडाला मऊ ग्रेडचं व्हील हवं हे ऐकायला उलटं वाटतं, पण बोथट झालेला कण वेळेवर सुटून पडला नाही तर तो कापत नाही, घासतो आणि तापवतो. आपल्याला पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड, ४६ ग्रिट, जे किंवा फार तर के ग्रेड, डायमंडने ताजं ड्रेस केलेलं, भरपूर कूलंट आणि शेवटच्या पासांना अर्धा शतांश हवा.

आता ती वेगळी लिंक. तिची चीर एकच, सरळ आणि खोल. चिरेवरच मोडली तर आतली बाजू काळपट, तेल जळून बसलेलं. म्हणजे टेंपरिंगला भट्टीत जाताना ती उघडीच होती, तेल आत शिरलेलं होतं. तुलनेसाठी ग्राइंडिंगची चीर असलेली लिंक मोडली, तिथला चिरेचा भाग लख्ख. चीर कधी पडली ते मोडलेल्या तोंडाचा रंग सांगतो, याला ना मायक्रोस्कोप लागतो ना कलाभवनातली (इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली) ओळख. ही काळी चीर स्लॉटच्या कडेजवळच्या ऑइल होलपासून निघालेली. भोक आणि स्लॉट यांच्यामध्ये दीड मिलिमीटर जेमतेम. पातळ भिंत आधी थंड होते, जाड अंग नंतर फुगतं आणि भिंत फाटते. ड्रॉइंगमध्ये भोक तिथेच आहे, पण मी ते वर मधोमध जाड भागात सरकवतोय आणि हार्डनिंगआधी फायर क्ले भरून बंद करणार आहे.

पुढचा बेत असा ठरला होता: टेंपरिंग २०० वरून २३० अंशांवर न्यायचं. लिंकेला ६२ रॉकवेल कडकपणाची काहीच गरज नाही, ५८-६० रग्गड झालं. आणि चांगला ग्राइंडर शोधायचा. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग हवंच कशाला? ओएचएनएस फारसं वाकत नाही म्हणून तर आपण ते घेतो. लिंक मऊ असतानाच ग्राइंड करून सहा मिलिमीटरवर दोन-तीन शतांश जास्त ठेवायची, स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळून तापवायची म्हणजे कार्बन उडणार नाही, बुडवताना फॉइल चटकन कापायचा आणि शेवटी सरफेस प्लेटवर एमरी पेपरने हाताने घासायची. मकरपुऱ्याची फेरी वाचली.

आणखी पुढे जाऊन, झीज होते ती फक्त स्लॉटमध्ये. सगळी लिंक कडक करायचा हट्ट तरी का? ईएन २४ हे मिश्र स्टील टी कंडिशनमध्ये (आधीच हार्डन आणि टेंपर केलेलं) घेतलं तर हार्डनिंगच नको, डाय ब्लॉक (स्लॉटमध्ये सरकणारा ठोकळा) गनमेटलचा केला की आपल्या मॉडेलला जन्मभर पुरेल. एक बाजू ओएचएनएसची आणि दुसरी ईएन २४ ची करून दोन्ही चालवून बघावं असंही डोक्यात येतंय, पण दोन बाजूंच्या लिंका वेगवेगळ्या झिजल्या तर टायमिंगचा गोंधळ. नको. दोन्ही एकाच जातीच्या.

या सगळ्यात एक गोड गोष्ट सांगायची राहिली. रोटरी टेबलवर काढलेल्या नव्या स्लॉटमध्ये डाय ब्लॉक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने सरकतो, कुठे अडकत नाही, कुठे खुळखुळत नाही. रात्री बराच वेळ नुसता सरकवत बसलो होतो. रिव्हर्सिंग लिव्हरचा लॅचही आता खाचेत ठक् करून बसतो. डभोई–मियागामची नॅरोगेज १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा गाड्या बैल ओढायचे, त्यांना एक्स्पान्शन लिंक लागत नव्हती. हेवा वाटतो कधी कधी.

ईएन २४ चा १० मिलिमीटर जाडीचा फ्लॅट, टी कंडिशनमध्ये, फूटभरसुद्धा चालेल, गोरवा किंवा मकरपुऱ्यात कोणी सुटा देत असेल तर कळवा. मोठे सप्लायर पूर्ण लांबीच घ्या म्हणतात. तोवर फॉइलवाला प्रयोग उरलेल्या ओएचएनएसवर करतो, ऑइल होल नव्या जागी मारूनच.