गाडी बंद पडली त्या वळणावर

धुक्यात आधी मेंढ्या दिसल्या, मग वळण, आणि वळणाला लागून दगडांनी रचलेलं ते स्मारक. मुलीनं गाडी पुढे नेऊन बाजूला घेतली. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावरचा हा डोंगररस्ता रॅमसे गावातून वर चढतो आणि स्नेफेल डोंगराला वळसा घालून डग्लसकडे उतरतो. टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, या शर्यतीच्या दिवसांत इथून मोटरसायकली सुसाट जातात, एक फेरी जवळपास ६०.७ किलोमीटरची. एरवी आमच्यासारखे लोक, दुसऱ्या गिअरमध्ये.

"बाबा, इथे गेला का तो?"

"नाही गं. इथे त्याची गाडी बंद पडली."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच तसं आहे. स्मारक ज्याचं, तो स्कॉटलंडचा मोटरसायकल शर्यतवीर जिमी गथ्री वारला जर्मनीत, ८ ऑगस्ट १९३७ रोजी. त्याच्या दोन महिने आधी सीनियर टीटीत, म्हणजे टीटीतल्या पाचशे सीसीच्या शर्यतीत, त्याच्या नॉर्टन मोटरसायकलनं इथे मान टाकली. ती त्याची बेटावरची शेवटची शर्यत ठरली, आणि स्मारक बांधताना लोकांनी हीच जागा धरली.

माझ्या मामाचं कोल्हापुरात गॅरेज होतं. मे महिन्याच्या सुट्टीत प्लग घासायचं आणि स्पोक पुसायचं काम माझ्याकडे असायचं. बंद पडलेल्या गाडीशेजारी माणूस कसा वागतो हे मी पोटभर पाहिलंय. आधी पेट्रोल बघायचं, मग प्लग, मग कमरेवर हात, मग उगाच आकाशाकडे नजर. गथ्रीही मूळचा गॅरेजवालाच. तोही याच क्रमानं गेला असेल, असं मला तिथे उभं राहून वाटलं. खाली रॅमसे आणि समुद्र दिसतो म्हणतात. आम्हाला फक्त पांढरं दिसलं.

एडिंबराला परतल्यावर आठवडाभरानं मी एकटाच त्याच्या गावी निघालो. बसमध्ये चढताना मी "हाविक" म्हणालो. ड्रायव्हरनं मान न वळवता "हॉइक" अशी दुरुस्ती केली आणि तिकीट दिलं. दोनेक तासांचा रस्ता. टेव्हियट नदीकाठचं हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. स्वेटरच्या दुकानाच्या काचेतून किंमत वाचली आणि आत जायचा बेत रद्द केला.

विल्टन लॉज पार्कात गथ्रीचा पुतळा आहे. साहेबांच्या देशात इतके पुतळे पाहिले, सेनापती, राजे, कवी. मोटरसायकलवाल्याचा बघायला मिळाला की बरं वाटतं. जन्म १८९७, याच गावचा. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली आणि पॅलेस्टाइन बघून आला, निरोप पोचवणारा मोटरसायकलस्वार म्हणूनही काम केलं. परत आल्यावर भावाबरोबर गॅरेज. टीटीत पहिल्यांदा उतरला १९२३ मध्ये, शर्यत पुरी झाली नाही. पहिला विजय १९३० मध्ये, एजेएस कंपनीच्या गाडीवर. म्हणजे तेहतिशीत! आमच्याकडे या वयात लोक स्कूटर विकून चारचाकी घेतात. त्यानंतर टीटीत आणखी पाच विजय, सगळे नॉर्टनवर. १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या मोंटलेरीच्या ट्रॅकवर तासाभरात १८३ किलोमीटर काटले, तेही पाचशे सीसीच्या एका सिलिंडरवर.

पण माझ्या डोक्यात बसलीय ती १९३५ ची सीनियर टीटी, जी तो हरला. गथ्रीचा नंबर १, सगळ्यांत आधी सुटणारा. आयर्लंडचा स्टॅनली वुड्स मोटो गुझी या इटालियन गाडीवर, नंबर ३०, त्याच्यामागून साडेचौदा मिनिटांनी. टीटीत सगळे एकदम सुटत नाहीत. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, त्यामुळे समोर कोण दिसतंय याला काही अर्थ नसतो. सातवी, शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा गथ्री २६ सेकंदांनी पुढे होता. गुझीच्या माणसांनी पिटमध्ये पेट्रोल भरायची जय्यत तयारी मांडून ठेवली होती. नॉर्टनवाल्यांना वाटलं, हा थांबणार, मग आपल्या गड्याला कशाला दामटायचं? वुड्स थांबलाच नाही. शुद्ध हूल!

इकडे गथ्री पोचला. विजेता म्हणून अभिनंदन झालं, फोटो निघाले. आणि चौदा मिनिटांनी वुड्स आला. हिशेब झाला: वुड्स ४ सेकंदांनी पहिला. सव्वाचारशे किलोमीटरांत ४ सेकंद. त्या चौदा मिनिटांत माणसानं हातात चहा धरून काय विचार केला असेल, ते मला फार छळतं. फसवलं गेल्याचा राग धरून बसणाऱ्यांतला तो नव्हता म्हणतात. मी असतो तर नक्की बसलो असतो.

आणि पुढे हाच वुड्स गोष्टीत परत येतो. जर्मनीतल्या साक्सेनरिंग या शर्यतमार्गावर गथ्री आधीची दोन वर्षं लागोपाठ जिंकला होता. १९३७ लाही शेवटच्या फेरीत पहिलाच होता. शर्यत संपायला थोडकंच अंतर राहिलं असताना गाडी रस्ता सोडून झाडांत गेली. वुड्सची गाडी त्याच शर्यतीत आधीच थांबली होती. तो गथ्रीपाशी धावला, त्याच्याबरोबर इस्पितळात गेला. गथ्री वाचला नाही. वय ४०. गाडीत काही तुटलं असावं, असं तेव्हा मानलं गेलं. वुड्सनं मात्र खूप वर्षांनी, म्हातारपणी, वेगळं सांगितलं: मागे पडलेल्या एका जर्मन स्वारानं गथ्रीला रस्त्याबाहेर जायला भाग पाडलं. खरं काय ते त्या झाडांना ठाऊक. साल १९३७, नाझींचं राज्य; शवपेटीला मोठ्या इतमामात मानवंदना देऊन त्यांनी ती पाठवून दिली. गावात अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा माणूस मावत नव्हता.

पार्कातल्याच संग्रहालयात त्याचे चषक आहेत. मुलगाही शर्यतीत उतरला आणि १९६६ मध्ये त्याच डोंगररस्त्यावर सीनियर मँक्स ग्राँ प्री जिंकला, हे वाचून मी त्या मुलाच्या आईचा विचार करत बराच वेळ काचेसमोर उभा राहिलो. याच पार्कात स्टीव्ह हिस्लॉपचाही पुतळा आहे. तोही हॉइकचा, टीटीत ११ विजय, आणि २००३ मध्ये गेला तो हेलिकॉप्टर पडून.

परतीच्या बसथांब्यावर पुदिन्याच्या गोळ्या चघळत बसलो होतो. हॉइक बॉल्स म्हणतात त्यांना, आपल्या लिमलेटच्या गोळीला मागे टाकतील अशा. शेजारी एक आजोबा येऊन बसले. कुठले, विचारलं. इंडिया म्हटल्यावर म्हणाले, "मग नॉर्टन आता तुमचीच की!" चेन्नईच्या टीव्हीएसनं २०२० मध्ये नॉर्टन घेतली, हे त्यांना ठाऊक होतं. मी उगाच ताठ बसलो, जणू पैसे मीच भरले होते.

"तुमच्याकडे कुठली आहे?"

"येझदी. मामाची."

"चालू आहे?"

"दहाव्या किकला."

आजोबांनी समाधानानं मान हलवली. बस आली.