डोलकाठी तीनदा उभी केली तो दिवस

जुन्या शिडाच्या बोटी तपासून द्यायचं माझं काम. कुणाला सेकंडहँड बोट घ्यायची असली की पैसे द्यायच्या आधी मला बोलावतात, मी हल म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग बघते, डेक म्हणजे वरचा पृष्ठभाग ठोकून बघते, कील (तळाखाली पाण्यात उतरणारं वजनदार पातं, बोटीला सावरणारं), डोलकाठी म्हणजे शिडाचा उभा खांब, तिला धरणाऱ्या वायरी, ट्रेलर सगळं बघून रिपोर्ट देते. त्यात गाडीमागे ट्रेलरवर ओढून नेता येतात त्या लहान बोटी, साधारण सोळा ते सव्वीस फुटांतल्या, हे माझं सगळ्यात आवडतं काम, कारण या बोटी घेणारी माणसं फार मनापासून घेत असतात. आणि म्हणूनच चुकीची बोट गळ्यात पडलेली बघितली की मला खरंच वाईट वाटतं. दोन वर्षांनी तीच बोट ताडपत्रीखाली, टायर बसलेले, कॉकपिटमध्ये, म्हणजे बसून बोट चालवायच्या उघड्या जागेत, पाला कुजलेला, अशी मी किती वेळा बघितलीये.

त्या दिवशीचे काका साठीच्या पुढचे, नुकतेच रिटायर झालेले, सोबत मुलगी. फोनवरच म्हणाले होते, "ताई, बोट ठरलीये आमची, तुम्ही फक्त एकदा नजर टाका." 24 फुटी बोट, खालची लोखंडी कील विंचने, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या हातरहाटाने, वर घेता येते अशी, आत चार जणांना झोपायला जागा, छोटा ओटा, सिंक, पोर्टेबल टॉयलेट. आत शिरल्या शिरल्या काका सरळ उभे राहून बघायला लागले डोकं छताला लागतंय का, आणि नाही लागलं तर चेहरा असा खुलला की मला पुढचं विचारायला जरा जडच गेलं.

पण मी नेहमी विचारते तेच विचारलं. बोटीवर बहुतेक वेळा किती जण असणार? "मी एकटाच. ही सुट्टीला आली तर दोघं." कुठे चालवणार? घरापासून पाऊण तासावर एक मोठा तलाव आहे तिथे, आणि वर्षातून एकदा खाडीत न्यायची इच्छा. रात्री किती वेळा मुक्काम करणार? जरा विचार करून म्हणाले, "वर्षात दोनचारदा." आणि बोट पाण्यातच ठेवणार का प्रत्येक वेळी घरी आणणार? "घरी. तलावावर ठेवायला जागाच नाही." मी वहीत लिहून घेतलं, काही बोलले नाही.

मग काम सुरू. डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जायचं, चांगल्या ठिकाणी टणक टकटक आवाज येतो, आतला लाकडी गाभा पाणी पिऊन बसला असेल तिथे आवाज भद्द पडतो. इथे डोलकाठीच्या पायाभोवती दोन हात जागा भद्द वाजत होती. म्हणजे स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं. मग यार्डातल्या मुलांकडून बोट पट्ट्यांवर उचलून घेतली आणि कील पूर्ण खाली सोडली. हे ट्रेलरवर असताना बघताच येत नाही आणि विकणारा "सगळं ओके आहे" म्हणतो त्यात बहुतेक वेळा त्याचाही दोष नसतो, त्याने पण कधी खालून बघितलेलं नसतं. कीलचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं तर चांगलं दोन बोटं हललं, आणि वर कुठेतरी खट्ट खट्ट. ज्या पिनवर कील फिरते ती काढायला लावली. अंगठ्याएवढी जाड पिन, पण मधोमध खाच पडलेली, त्यात माझं नख अडकलं. कील वर ओढणाऱ्या वायरवरून फडकं फिरवलं तर तीन ठिकाणी धागे अडकले, म्हणजे आतले तार तुटायला लागलेत. ही वायर कील वर असताना तुटली तर अडीचतीनशे किलो लोखंड एकदम खाली आदळतं आणि बोटीचा तळच फोडू शकतं.

काकांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, अहो पिन बदलता येते, वायर बदलता येते, हे झिजणारेच भाग आहेत, यासाठी बोट सोडायची गरज नाही. वर खाली होणाऱ्या कीलची पद्धत मुळात चांगलीच आहे. कॅटालिना 22 ही बोट 1969 मध्ये बनायला लागली, पंधरा हजारांच्या वर बनल्या, आणि तिच्या यशातलं मोठं कारण हेच की कील वर घेतली की दोन फूट पाण्यात तरंगते आणि खाली सोडली की पाच फूट खोल जाऊन बोटीला धरून ठेवते. उथळ रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात जाणाऱ्या उतारावरून, बोट उतरवायची तर हे फार सोयीचं. उलट कायमची खोल कील असलेली बोट ट्रेलरवर इतकी उंच बसते की रॅम्पवर गाडीची मागची चाकं बुडेपर्यंत मागे जावं लागतं, नाहीतर क्रेन शोधा. ती बोट पाण्यात झकास चालते हे खरं, पण दर वेळी उतरवायची असेल तर मी कुणाला सांगत नाही घ्या म्हणून.

खरा प्रश्न पुढे होता. मी म्हटलं आता वजनकाट्यावर जाऊ.

"कशाला? ब्रोशरमध्ये हजार किलो लिहिलंय, माझी गाडी दीड हजार ओढते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! ब्रोशरमधलं वजन म्हणजे कारखान्यातून निघालेली रिकामी बोट. त्यात ट्रेलर नाही, मोटर नाही, बॅटरी नाही, नांगर आणि साखळी नाही, पेट्रोल, पिण्याचं पाणी, गाद्या, दोरखंड, जास्तीची शिडं काही काही नाही. यार्डाच्या पिकअपला जोडून काट्यावर नेली. 1,780 किलो. काका काचेतून आकडा बघत राहिले, मग मला म्हणाले काटा बिघडलाय का. मुलीने तिथेच मोबाइलवर बेरीज केली, बोट हजार, ट्रेलर चारशे, बाकी सामान अडीचशे धरलं तरी सव्वाशे-दीडशे किलो उरतात. ते फळ्यांखाली साचलेलं आणि गाभ्यात मुरलेलं पाणी असणार, आणि आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं लॉकरमध्ये टाकलेलं सामान.

मग गाडीच्या हुकावर किती भार येतो ते बघायला ट्रेलरचं पुढचं छोटं चाक तेवढंच काट्यावर ठेवलं. साठ किलो. म्हणजे एकूण वजनाच्या साडेतीन टक्केसुद्धा नाही. गाडीच्या हुकावर किती भार हवा याचे आकडे देशागणिक वेगळे सांगतात, कुठे पाच ते सात टक्के तर कुठे दहा ते पंधरा, आणि गाडीच्या हुकाची स्वतःची मर्यादा असते ती तर पाळायचीच, पण साडेतीन या सगळ्यांपेक्षा कमीच. पुढे भार कमी पडला की उतारावर, वेगात, ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डावीउजवीकडे झुलायला लागतो आणि एकदा झुलायला लागला की गाडीलाच घेऊन जातो. टायरवर तर 3211 छापलेलं होतं, म्हणजे 2011 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी अगदी नवी दिसत होती आणि बाजूला बारीक बारीक चिरा. ट्रेलरचे टायर झिजून नाही जात, उभ्या उभ्या म्हातारे होतात.

"मग मोठी गाडी घेऊ," काका म्हणाले. हा क्षण येतोच, बोटीसाठी गाडी, गाडीसाठी पार्किंग, असं सुरू होतं. मी म्हटलं ठीक आहे, गाडीचं बाजूला ठेवू, आता असं समजा आपण रॅम्पवर पोचलो, डोलकाठी उभी करा.

जमिनीवरच, ट्रेलरवर. आधी वर बघा, मी सांगितलं, आणि हे मी प्रत्येकाला सांगते, बोट ट्रेलरवर असताना डोलकाठी उभी केली की अॅल्युमिनियमचं टोक कुठल्या कुठे जातं, वर विजेची तार असेल तर त्या एका चुकीला दुसरी संधी नाही. यार्डात वर मोकळं आकाश होतं. घड्याळ लावलं. डोलकाठी साडेआठ मीटर, पस्तीसेक किलो. वायरी सोडवायच्या, गुंतलेल्या, कुठली डावीकडची कुठली उजवीकडची, मागून काका खांद्यावर उचलतायत, पुढून मुलगी दोर ओढतेय, अर्ध्यात काठी बाजूला झुकायला लागली तेव्हा मी आणि यार्डातला एक मुलगा धावून धरली. शेवटची पिन लागली तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती आणि चौघं लागलो होतो. शीड अजून चढवलेलं नव्हतं. आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं, दमलेल्या अंगाने.

काका कॉकपिटच्या कडेला बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे जाणार होतात ना?"

मला तेव्हा त्यांचा उत्साह मोडायचा नव्हता, खरंच नाही. त्यांनी विचारलं, त्या पाण्याची टाकी असलेल्या बोटी असतात त्या कशा? चांगला प्रश्न होता. त्यात तळाशी टाकी असते, बोट उतरवली की व्हॉल्व्ह उघडून पाणी आत घ्यायचं, तेच वजन बोटीला सावरतं, आणि परत वर काढताना सोडून द्यायचं, म्हणजे रस्त्यावर तेवढं ओढायला लागत नाही. पण पाणी पाण्यात असताना जड नसतं, बोट कलून टाकी पाण्याच्या वर यायला लागते तेव्हाच ते कामाला येतं, त्यामुळे अशी बोट सुरुवातीला पटकन कलते, नवख्याला धडकी भरते. आणि टाकी अर्धवट भरलेली असेल तर आतलं पाणी कलत्या बाजूलाच धावतं, ते वाईटच. कुटुंब घेऊन फिरणाऱ्याला, टाकी भरलीये की नाही हे दर वेळी तपासणाऱ्याला मी हो म्हणेन. पण काकांची अडचण वजन ही एकटी नव्हती, डोलकाठी पण होती.

यार्डाच्या भिंतीला लागून एक 17 फुटी उभी होती, तीही विकायला काढलेली, महिन्याभरापूर्वी मी तिचं डेक तपासलं होतं, कोरडं होतं. आखूड कील, तिच्यातल्या खाचेतून खाली सोडायचं छोटं पातं म्हणजे सेंटरबोर्ड, ट्रेलर आणि सामानासकट 790 किलो. काकांनी लांबूनच बघून मान हलवली. "ही फार लहान आहे हो. खाडीत कशी नेणार?"

म्हटलं, वेफेरर नावाची सोळा फुटांची उघडी बोट असते, इयान प्रॉक्टरने 1957 मध्ये डिझाइन केलेली, फ्रँक डाय तसल्या बोटीतून 1963 मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला गेले होते. तुम्ही तसं काही करू नका, पण खाडीत जायचं की नाही हे लांबीवर नाही ठरत, हवामान बघणं, शीड वेळेत लहान करणं आणि माणसाचा हात बसलेला असणं यावर ठरतं. आणि हात बसायला वर्षात चार वेळा नाही, चाळीस वेळा पाण्यात जावं लागतं.

पण मी काही लपवलं नाही. यात उभं राहता येणार नाही, बसूनच कपडे बदलायचे. दोघांना झोपता येईल, तेही पाय एकमेकांना लागत. ओटा नाही. लाटा उठल्या की 24 फुटी जितकी शांत चालते तितकी ही चालणार नाही, आपटेल, भिजवेल. त्यांना जे आवडलं होतं त्यातलं बरंचसं सोडावं लागणार होतं आणि ते सोडणं सोपं नसतं हे मला कळतं.

दुसऱ्यांदा डोलकाठी उभी केली ती या बोटीची. सहा मीटर, बारा किलो. दोघांनी मिळून अठरा मिनिटं. काका म्हणाले, "आता तू बाजूला हो," आणि मुलीला खरंच खाली उतरवलं. तिसऱ्यांदा एकट्याने. आधी वर बघितलं, मला फार बरं वाटलं. मग वायरी जागच्या जागी पसरल्या, पाया बिजागरीत बसवला, पुढचा दोर कमरेला एक वेढा देऊन हातात धरला आणि पावलापावलाने पुढे सरकत काठी वर आणली. शेवटची पिन लावताना हात थरथरत होता, दोनदा भोक चुकलं, तिसऱ्यांदा बसली, वर छोटी रिंग अडकवली. बावीस मिनिटं. मुलीने व्हिडिओ काढला होता तो त्यांनी बघितलाही नाही, परत वायरी ओढून ओढून बघत होते.

त्या दिवशी बोट घेऊ नका असं मीच सांगितलं, कारण या बोटीचं सेंटरबोर्ड मी अजून खाली सोडून बघितलं नव्हतं, खाचेत दगड किंवा चिखल अडकून ते जाम झालेलं असू शकतं, आणि चाकांची बेअरिंगही उघडायची होती. सकाळी आठला भेटायचं ठरलं. मी पावणेआठला पोचले तर काका आधीच आलेले, गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात टायरवरचे चार आकडे वाचत होते.