मधला आकडा

तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा ऑनलाइन घेतला होता, सोबत कागद, त्यावर लिहिलेलं 'स्पिटफायर, बॅटल ऑफ ब्रिटन, १९४०', म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवरच्या हवाई लढाईत पडलेल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा तुकडा. विकणाऱ्याने इतकं ठासून लिहिलेलं की मी पण काही विचारलं नाही, नुसता खूश होतो.

मग एका रात्री साफ करायला बसलो. मऊ टूथब्रश आणि साधं पाणी, बास. वायरब्रश किंवा अॅसिड लावू नका रे बाबांनो, कारखान्यातल्या इन्स्पेक्टरचा शाईचा शिक्का, खालचा जुना रंग सगळं जातं, आणि वाचायचं तर तेच असतं. कोपऱ्यात 'सीबीएएफ' दिसलं, म्हणजे कॅसल ब्रॉमविचचा कारखाना, तिथे १९४० पासून स्पिटफायर बनायची, त्यामुळे इथवर कागद खरा. पुढे पार्ट नंबर. ३, मग गंजाची पांढरी भुकटी, मग १.

खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा सावलीत मधला आकडा उठला. ६.

म्हणजे ३६१! स्पिटफायरचं डिझाइन करणारी कंपनी सुपरमरीन, तिचे टाइप नंबर पार्ट नंबरच्या सुरुवातीला असतात, ३०० म्हणजे मार्क १ (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती), ३४९ म्हणजे मार्क ५, ३६१ म्हणजे मार्क ९, आणि मार्क ९ स्क्वॉड्रनमध्ये आलं १९४२ मध्ये. आता हा तुकडा १९४० मध्ये कसा काय पडेल?

गंमत अशी की उलटं चालत नाही. जो पार्ट बदललाच नाही त्याचा नंबर पुढच्या मार्कवर पण ३००च राहिला, त्यामुळे ३०० दिसलं तर फक्त 'स्पिटफायर' एवढंच कळतं, साल नाही. एकाच विमानाचे बरेच तुकडे असतील तर त्यातला सगळ्यात उशिराचा नंबर पकडायचा. अवशेषांत सापडलेल्या काडतुसाच्या बुडावरच्या सालाचं पण तेच, विमान त्याच्या आधी पडलेलं नाही एवढंच ते सांगतं (जिवंत काडतूस दिसलं तर मात्र हात न लावता पोलिसांना फोन). मुकुट आणि खाली 'एएम' दिसलं की लोक लगेच नाचतात, पण ती एअर मिनिस्ट्रीची खूण, काटेचमच्यांवर पण सापडते. आणि स्पिटफायरमध्ये असायचं त्या मर्लिन इंजिनाचा तुकडा असेल तर हरिकेन, लँकेस्टर, मॉस्किटो, अशा दुसऱ्या कुठल्याही विमानातलाही असू शकतो.

विमानातली अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची डायल सापडली तर खरवडू नका, त्यात रेडियम असतं. आणि ब्रिटनमध्ये स्वतः खणायला जायचं असेल तर १९८६ च्या कायद्याने संरक्षण मंत्रालयाचं लायसन्स लागतं, ते बरोबरच आहे, कित्येक ठिकाणी वैमानिक अजून खालीच आहेत.

विकणाऱ्याला टॉर्चवाला फोटो पाठवला आणि ३६१ चं सगळं समजावून सांगितलं. लगेच रिप्लाय आला, "सॉरी सर, माझ्याकडे ३०० वाला पण आहे, तो पक्का १९४० चा, बाजूला काढून ठेवू का?"