जुनी आर्मी टिली ओळखायला मला दीड वर्षं लागलं, त्याचा अनुभव

टिली म्हणजे काय हे आधी सांगतो, कारण इंग्लंडमध्ये इतकी वर्षं राहून मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला हलक्या कामाच्या गाड्या घाईने हव्या होत्या. मग रोजच्या विक्रीतल्या सलून (बंद छताच्या घरगुती) कारचा पुढचा भाग तसाच ठेवला, मागे पिकअपसारखा हौदा आणि कॅनव्हासचं छत लावलं, मागचे स्प्रिंगचे पाटे जाड केले, टायर मोठे घातले, गिअरिंग जरा खाली आणलं. कागदोपत्री नाव 'कार, लाइट युटिलिटी, फोर बाय टू', म्हणजे चार चाकं आणि ताकद फक्त मागच्या दोनला. युटिलिटीचं बोलीतलं टिली झालं. बनवणाऱ्या कंपन्या चार: ऑस्टिन, मॉरिस, हिलमन आणि स्टँडर्ड.

मी घेतली तेव्हा विकणाऱ्या काकांनी ती हिलमन म्हणून दिली. पुढची जाळी कुणीतरी घरीच पत्र्याची केलेली, बॅज नाही, गाडीची माहिती असलेल्या डेटा प्लेटच्या जागी स्क्रूची चार भोकं, आणि नुसत्या आकारावरून ओळखण्याइतकी नजर तेव्हा मला नव्हती. इंजिनचं हेड उघडलेलंच होतं म्हणून म्हटलं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजू. व्हर्नियर लावला तर ६३.५ मिमी. खूश झालो, कारण हिलमनचा बोअर ६३ असतो, मग ही हिलमन नाही असं वाटलं. पण रात्री विचार करताना लक्षात आलं की हे काही खरं नाही, कारण जुनं इंजिन रिबोअर केलेलं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केलेलं असलं तर ६३ चं ६३.५ सहज होतं, आणि ऑस्टिन आणि मॉरिस दोघांचाही बोअर मुळात ६३.५ च आहे. त्याचं कारण टॅक्स. तेव्हा इंग्लंडमध्ये कारच्या टॅक्ससाठीचा हॉर्सपॉवर बोअरवरून काढायचे, इंचातला बोअर गुणिले बोअर, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच, आणि अडीच इंच म्हणजेच ६३.५ मिमी बोअरचे चार सिलिंडर घेतले की उत्तर बरोबर १० येतं. म्हणून टिलीवर लिहिलेलं '१० एचपी' म्हणजे इंजिनची खरी ताकद नाही, तो टॅक्सचा आकडा आहे.

मग पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे तो वरखाली जातो ते अंतर, मोजला. हाताने क्रँक फिरवत पिस्टन अगदी वर आणला, खोली मोजली, अगदी खाली नेला, परत मोजली. रिबोअर केल्याने स्ट्रोक बदलत नाही. ८९ मिमी आला. हिलमनचा ९५ असतो, म्हणजे ती नक्की बाद. मॉरिसचा ९०, तो एका मिलिमीटरवर सोडायला मन होईना, पण मॉरिसच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि आमच्या इंजिनात ते खाली ब्लॉकमध्ये बाजूला बसलेले समोर दिसत होते. स्टँडर्डचं इंजिन तर १६०८ सीसीचं, त्याचा प्रश्नच नव्हता. तर ही ऑस्टिन, ११२५ सीसी. पुढे चेसिसवर ठोकलेला नंबर साफ केल्यावर तोही ऑस्टिनचाच निघाला, आणि हे महत्त्वाचं होतं, कारण सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास बदलायचे, त्यामुळे नुसत्या इंजिनवरून गाडीचं नाव ठरवू नये.

पुढची भीती अशी की ही खरी टिली आहे का युद्धानंतर कुणी सलूनची मागची बाजू कापून पिकअप केलेलं आहे. अशा गाड्या खूप आहेत. मी मागे झोपून पाटे बघितले, जाड होते, पण पाटे काय कुणीही टाकतं. पटलं ते डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा, थोडक्यात डिफ) घासल्यावर. ग्रीस आणि मातीचा बोटभर थर वायर ब्रशने काढला आणि खाली पांढरा रंग दिसला! ब्लॅकआउटमध्ये दिवे बंद ठेवून कॉन्व्हॉयने, म्हणजे रांगेने, जाताना मागच्या गाडीला पुढची दिसावी म्हणून सैन्याच्या गाड्यांचं डिफ पांढरं रंगवायचे आणि त्याच्यावर गाडीखाली एक बारीक दिवा लावायचे. दिवा गेलेला होता पण त्याचा ब्रॅकेट चेसिसला तसाच होता. साध्या सलूनचं डिफ कोण कशाला पांढरं करेल. त्या संध्याकाळी मी गाडीखालून तासभर बाहेर आलो नाही.

मग रंगाचं काम. हे घाई न करता करायचं, वॉटर पेपर आणि पाणी घेऊन हातानेच, मशीन अजिबात लावायचं नाही, नाहीतर सगळा इतिहास पाच मिनिटांत भुगा होऊन खाली पडतो. बॉनेटवर सगळ्यात वर निळा, त्याखाली एक साधा हिरवा, हे दोन्ही युद्धानंतरचे. त्याखाली ऑलिव्ह ड्रॅब, मातकट हिरवा, ज्याला सैन्याच्या रंगांच्या यादीत एससीसी १५ म्हणतात. तो १९४४ मध्ये आला, म्हणजे अमेरिकेकडून तशाच रंगात येणाऱ्या गाड्या परत रंगवायला नकोत. त्याखाली एससीसी २, चॉकलेटी, हा १९४२ चा, कारण हिरव्या रंगाला लागणारं क्रोमियम ऑक्साइड कमी पडायला लागलं होतं. आणि सगळ्यात खाली, प्रायमरवर, खाकी हिरवा. म्हणजे बॉनेट चॉकलेटी रंगाच्या आधीचं. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे पाच रंग एका रुपयाएवढ्या वर्तुळात दिसत होते, मी त्याचा फोटो अजून फोनवर ठेवलाय.

आणि मग पांढरा एम. ब्रिटिश सैन्याच्या प्रत्येक गाडीला वॉर डिपार्टमेंटचा नंबर असायचा, आधी प्रकाराचं अक्षर मग आकडे, मोटरसायकलला सी, छोट्या ट्रकला झेड, कार आणि युटिलिटीला एम. तीन रविवार घासून पूर्ण नंबर मिळाला. हा नंबर मिळाला की तो सैन्याने कंपनीला दिलेल्या कुठल्या कॉन्ट्रॅक्टच्या गठ्ठ्यात बसतो ते जुन्या याद्यांवरून काढता येतं. मी उत्साहात टेलबोर्डही (हौद्याची मागची फळी) घासला, तर तिथे वेगळाच नंबर! एम होताच, पण आकडे भलतेच. आठवडाभर मला काही सुचेना, इतक्या मेहनतीनंतर ही दोन गाड्यांची एक गाडी निघते की काय असं वाटत होतं.

उत्तर परत रंगातच होतं. टेलबोर्डवर चॉकलेटी थर नव्हताच, प्रायमरवर थेट ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे तो १९४४ किंवा नंतरच्या गाडीचा. याद्या असलेल्या एका अभ्यासकाला दोन्ही नंबर पाठवले. बॉनेटचा नंबर ऑस्टिनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बसला आणि चेसिस नंबरच्या काळाशी जुळला. टेलबोर्डचा मॉरिसच्या. कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये किंवा नंतर शेतावर फळी बदलली असणार, एवढंच.

युद्धानंतरचा भाग सोपा गेला. सैन्याने विकून टाकल्यावर गाडीला सिव्हिल नंबर मिळायचा आणि त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांवरून कुठल्या कौन्सिलने दिला ते कळतं, उदाहरणार्थ ओडी म्हणजे डेव्हन. आमच्या कौंटीचं जुनं रजिस्टर शाबूत होतं. बऱ्याच ठिकाणी ती रद्दीत गेली. त्यात १९४७ ची नोंद, पहिला मालक रोपवाटिकावाला, आणि बाजूला शाईने 'एक्स डब्ल्यूडी', म्हणजे आधी वॉर डिपार्टमेंटची.

आता जे मिळालं नाही ते. ही गाडी युद्धात कुठल्या युनिटकडे होती हे मला माहीत नाही. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्हमध्ये युनिटांच्या युद्धडायऱ्या आहेत, पण त्यात कुठे मुक्काम आणि काय लढाई ते असतं, एकेका टिलीचा नंबर सहसा नसतो. विकणाऱ्या काकांनी सांगितलं होतं की राजकुमारी एलिझाबेथ अशाच गाडीवर शिकली. हे खरं आहे, १९४५ मध्ये ती एटीएसमध्ये, म्हणजे सैन्याच्या महिला दलात, होती आणि ऑस्टिन टिलीसोबतचे तिचे फोटो आहेत, पण 'अशाच' आणि 'ह्याच' यात फार फरक आहे आणि लोक तिसऱ्यांदा गोष्ट सांगताना तो गिळतात. जुन्या गाड्यांच्या शोमध्ये अर्ध्या गाड्यांवर सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचं चिन्ह, लाल उंदीर, काढलेलं दिसतं. मला तो काढायचा मोह झाला होता, खरंच झाला होता, छान दिसतो तो.

पण मी नाही काढला. बॉनेटवर सापडलेला एम नंबर ब्रशने, त्याच जागी, त्याच उंचीचा लिहिला. डिफ पांढरं केलं. मडगार्डवरची युनिटच्या चिन्हाच्या चौकोनाची जागा रिकामी ठेवलीय. टेलबोर्डवर मात्र मॉरिसचा जुना नंबर जेवढा उघडा झालाय तेवढा तुकडा रंगवला नाही, वरून क्लिअर लॅकर मारलंय, आणि ज्या कुणाकडे टेलबोर्ड नसलेली मॉरिस असेल त्याने कळवावं, नंबर जुळला तर मी फळी काढून देईन.