नर्सची कंबर: इंग्लंडमधल्या वॉर्डातून

इंग्लंडला नर्स म्हणून यायची तयारी करणाऱ्या मुली मला खूप काही विचारतात. इंग्रजीच्या परीक्षांपैकी आयईएलटीएस देऊ की ओईटी, ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा अवघड असते का, राहायची सोय कशी होते. कंबरेबद्दल मात्र कुणी विचारत नाही. या नोकरीत कंबर फार लवकर झिजायला लागते, म्हणून आज तेवढंच लिहिते आहे.

इथे पेशंटला हात लावण्याआधी मॅन्युअल हँडलिंगचं, म्हणजे माणसं आणि वस्तू हाताने उचलण्या-हलवण्याचं ट्रेनिंग होतं. काखेत हात घालून पेशंटला वर ओढायचं, ही अनेकींच्या हाताला लागलेली सवय तिथेच बंद होते. त्या ओढाओढीत पेशंटच्या खांद्याला इजा होऊ शकते आणि सगळा भार आपल्या वाकलेल्या मणक्यावर येतो.

यामागे 1992 चे मॅन्युअल हँडलिंगचे नियम आहेत. ते जबाबदारी टाकतात ती नोकरी देणाऱ्यावर: धोक्याचं उचलणं शक्य तेवढं टाळा, टळत नसेल तर धोका तपासा, मग तो कमी करा. 'गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा' हा सल्ला त्यानंतरचा. उचलायचं तंत्र नुसतं शिकवून कंबरदुखी कमी होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पेशंट म्हणजे खोकं नव्हे. तो मध्येच घाबरतो, अंग टाकतो, आपल्या गळ्याला मिठी मारतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या सूत्रात वस्तू उचलायची कमाल मर्यादा 23 किलो आहे. पेशंट हाताळण्यासाठी तिथल्या तज्ज्ञांनी ती साधारण 16 किलोवर आणली, तीही सगळं अनुकूल असेल तेव्हा. शंभर किलोच्या माणसाचा एक पायच जवळपास तेवढा भरतो!

पेशंट पलंगावर खाली घसरला की आधी पलंग आमच्या कंबरेइतका वर घ्यायचा आणि डोक्याकडचा भाग सपाट करायचा. पेशंटला कुशीवर वळवून अंगाखाली स्लाइड शीट घालायची. हे गुळगुळीत नायलॉनचं दुहेरी कापड असतं. मग दोन बाजूंना दोघी, एक पाय पुढे, एक मागे. 'रेडी, स्टेडी, स्लाइड' म्हटलं की मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर घ्यायचा आणि पेशंट सरकतो. दंडाला ओढ बसत नाही. घाईत सगळ्यांत आधी गळते ती पलंग वर घेण्याची पायरी, आणि कंबरेला सगळ्यांत महाग पडते तीच.

होइस्टचं, म्हणजे पेशंटला उचलणाऱ्या यंत्राचंही शिकावं लागतं. स्लिंग, म्हणजे पेशंटला ज्यात धरून उचलतात ती कापडी झोळी, पेशंटच्या मापाची हवी, दोन्ही बाजूंचे लूप सारख्या रंगाचे लावायचे. उचलताना होइस्टची चाकं सहसा लॉक करत नाहीत, कारण वजन पेलताना त्याला स्वतःचा तोल साधावा लागतो. माणसं उचलणाऱ्या या यंत्रांची साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी होते. स्टिकरवरची तारीख बघितल्याशिवाय हात लावू नका.

एक गोष्ट ऐकायला कठोर वाटेल. चालता चालता पेशंट कोसळायला लागला, तर त्याचा पूर्ण भार अंगावर घेऊन त्याला उभं धरायचं नाही. तो भार एका माणसाला पेलत नाही, पेशंटसोबत नर्सही पडते. तो खाली गेल्यावर इजा तपासून होइस्टने किंवा हवेने फुगणाऱ्या गादीने त्याला वर घेतात. माझ्या मते हे योग्यच आहे. जखमी नर्स पेशंटच्या काय कामाची?

उचलण्याइतकंच वाईट असतं ते वाकून थांबणं. युरिन बॅग रिकामी करणं, पायाचं ड्रेसिंग, सुई लावताना शिरेवर झुकून राहणं. यात वजन नसतं म्हणून कुणी त्याची नोंद घेत नाही. ड्रेसिंगला स्टूल ओढून बसा. सुई लावताना पलंग वर घ्या किंवा खुर्ची घ्या. 'सिस्टर बसली' असं कुणाला वाटलं तर वाटू द्या.

उपकरणं असूनही माणसं कमी पडतात, हे इथलं खरं दुखणं आहे. दोघींचं काम रात्री एकटीवर येतं, दुसरी चार पलंग पलीकडे अडकलेली असते. अशा वेळी थांबा आणि तिला बोलवा. पेशंटला पाच मिनिटं थांबावं लागलं तर कारण सांगा, बहुतेक समजून घेतात. कंबरेत चमक भरली तर त्याच शिफ्टमध्ये इन्सिडेंट फॉर्म भरा आणि ऑक्युपेशनल हेल्थकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विभागाकडे जा. गरोदर असाल तर मॅनेजरला लेखी कळवा. त्यानंतर तुमच्या कामाची वेगळी रिस्क असेसमेंट, म्हणजे धोक्याची तपासणी करणं त्यांना बंधनकारक आहे.